नवतप्याच्या आधी उरकायची बॅकअपची तयारी

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, साधारण 25 मेला लागतो. लाइन गेल्यावर घर चालवायची ही तयारी त्याआधीच उरकून घ्या. पहिलं वादळ येऊन कडुनिंबाची फांदी तारांवर पडली की मग वायरमनही सापडत नाही आणि इन्व्हर्टरवालाही. आपल्या नागपूरला कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं एवढी जवळ, पण आपली लाइन जाते ती गल्लीतल्या तारेमुळे, नाहीतर डीपीमुळे, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

छतावर सोलर असेल तर इन्व्हर्टर कोणता आहे ते आधी बघा. बहुतेक घरी ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या आधारानेच चालणारा असतो, आणि लाइन गेली की तो भर दुपारीही बंद पडतो. हा बिघाड नव्हे. लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. म्हणजे बिल शून्य आलं तरी रात्री पंखा फिरेलच असं नाही. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन नसतानाही बॅटरीवर चालणारा), बॅटरी आणि गरजेच्या पॉइंटांची वेगळी लाइन लागते. 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, पण बॅटरीसाठी त्यात वेगळे पैसे नाहीत. ती आपल्याच खिशातून.

म्हणूनच बॅटरी घेण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. साधा पंखा 75 वॉट, कुलर 200च्या आसपास, दिवे आणि वायफाय मिळून 30 धरा. दोन पंखे, एक कुलर आणि हे किरकोळ आठ तास चालवलं तर 3 युनिट होतात. दुकानात सर्रास मिळणारी 12 व्होल्ट 150 अ‍ॅम्पिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1.8 युनिटची. ती रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, म्हणजे एकीवर रात्र निघत नाही. 48 व्होल्ट 100 अ‍ॅम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी 5 युनिटच्या जवळपास देते. महाग आहे, पण हिशेब तिच्याच बाजूने लागतो. त्याआधी पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे करून घ्या: 30 वॉटचे दोन पंखे रात्रीतून पाऊण युनिट वाचवतात. दीड टनाचा एसी या यादीत आणूच नका. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात गवताच्या ताट्यांचा कुलर निम्म्याहून कमी विजेत काम करतो, हे आपलं नशीबच. घरात ऑक्सिजनचं मशीन किंवा फ्रीजमध्ये इन्सुलिन असेल तर मात्र यादीची सुरुवात तिथून करा, पंख्यापासून नाही.

बॅटरीची जागा आताच ठरवा. स्लॅबवरची टिनाची खोली नको, पश्चिमेची भिंतही नको. जिन्याखालची हवेशीर जागा बरी. सावलीतच पारा 45 वर जातो, आणि दर 10 अंशांमागे लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर पाहत राहा. पॅनेल सकाळी ऊन चढण्याआधी धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

आता इलेक्ट्रिक गाडी. ती घराला वीज देऊ शकते का, हे माहितीपुस्तिकेत ‘व्हीटूएल’ (गाडीच्या बॅटरीतून बाहेरच्या उपकरणांना वीज) हा शब्द शोधून बघा. 2023 मध्ये आलेल्या टाटाच्या नव्या नेक्सॉन ईव्हीत ही सोय आहे, 3.3 केव्हीएपर्यंत. ह्युंदाईच्या आयोनिक 5 मध्ये 3.6 किलोवॉट. अ‍ॅडाप्टर गाडीसोबत आला नसेल तर आजच मागवा. 40 युनिटची बॅटरी 60 टक्के भरलेली असेल आणि 20 टक्के रस्त्यासाठी राखली, तरी 16 युनिट उरतात, म्हणजे वरच्या हिशेबाने पाच रात्री. वादळाचा इशारा आला की लाइन असतानाच गाडी भरून घ्या. घरच्या बॅटरीतून गाडी भरत बसणं म्हणजे दोन्हीकडून वीज वाया घालवणं.

एक्सटेन्शन 16 अ‍ॅम्पिअरचं, जाड तारेचं घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेली तार तापते. फ्रीज, पंखा थेट त्यावर लावा. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. ऐकू नका. उघड्या पिनांवर 230 व्होल्ट असतात आणि तीच वीज मीटरमधून उलटी डीपीकडे जाते. घराच्या लाइनवर घ्यायचीच असेल तर आधी गाडीच्या कंपनीला विचारा, मग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाइन किंवा गाडी, एकच जोडणारा) बसवून घ्या. स्कूटरची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडून देणारे कारागीरही भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार.

फ्लॅटवाल्यांचं काम थोडक्यात आहे: पार्किंगमधून चौथ्या मजल्यावर वायर जाणार नाही, तेव्हा घरात लहान लिथियम बॅटरी, आणि गाडी खाली फोन चार्ज करायला.

हे झालं की एखाद्या रविवारी संध्याकाळी मेन स्विच पाडा आणि तासभर तसंच राहा. काय चालतं, काय नाही, ते बोर्डावर लिहून चिकटवा. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढतो. तेवढ्यात इन्व्हर्टर ट्रिप झाला, तर फ्रीज त्या लाइनवरून काढा आणि गाडीच्या वाट्याला द्या.