एका वाटीतला नाताळ: बेक्ड ओट्स करताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की मुंबईत बेकऱ्यांच्या काचेमागे प्लम केक दिसायला लागतात आणि फोनवर जिंजरब्रेडच्या, म्हणजे आल्या-मसाल्याच्या नाताळी केकच्या, चवीच्या बेक्ड ओट्सच्या रेसिपी. बेक्ड ओट्स म्हणजे दळून केकसारखे भाजलेले ओट्स. एका माणसापुरता नाश्ता, एकच भांडं, वीस-पंचवीस मिनिटं. वाचायला सोपं वाटतं, पण बऱ्याच घरांत पहिल्यांदा जे बाहेर येतं ते वरून करपलेलं आणि आतून चिकट असतं. मग बोलणी खातो बिचारा ओव्हन. गोम बहुतेकदा मापात असते. किलोभराच्या केकमध्ये लवंग जराशी जास्त पडली तरी खपून जाते. एका वाटीत काहीच खपत नाही.

आधी एक भरवशाचं माप सांगते: ४० ग्रॅम रोल्ड (चपटे केलेले) ओट्स, एक अंडं, ६० मिली दूध, एक पिकलेलं वेलची केळं, एक टेबलस्पून चिरलेला गूळ, अर्धा टीस्पून बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. ओट्स दळून घ्यायचे, सगळं एकत्र करायचं, तूप लावलेल्या भांड्यात १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं. मसाला आणि मनुका यांचं वेगळं प्रकरण आहे, ते पुढे.

परदेशी रेसिपीतला कप म्हणजे आपली वाटी नव्हे

अमेरिकन कप २४० मिलीचा. आपल्या स्टीलच्या वाट्या दुकानागणिक बदलतात आणि बहुतेक त्याहून बऱ्याच लहान असतात. 'अर्धा कप ओट्स' म्हणजे साधारण ४० ग्रॅम. टेबलस्पून १५ मिलीचा आणि टीस्पून ५ मिलीचा. घरातला पोह्यांचा चमचा यांपैकी कुठलाच असेलच असं नाही. बेकिंग पावडरच्या बाबतीत ही गफलत थेट जिभेला कळते.

केळ्याचंही तेच. तिकडच्या रेसिपीतलं 'अर्धं केळं' मोठ्या जातीचं असतं, म्हणजे आपल्याकडच्या वेलची केळ्याचं एक. इथे बाजारातली मोठी हिरव्या सालीची दोन केळी कुस्करून घातली तर ओट्स भाजले जात नाहीत, शिजून लगदा होतो. केळं जास्त झालं की मधला भाग कितीही वेळ ठेवा, ओलाच राहतो.

आणि ते ३५०! रेसिपीतलं ३५० हे फॅरनहाइटमध्ये असतं. आपल्या ओटीजीच्या (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनच्या) बटणावर सेल्सिअस असतं आणि ते बहुधा २५० ला संपतं. ३५० दिसत नाही म्हणून बटण शेवटापर्यंत फिरवणारे लोक आहेत. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७५ ते १८० सेल्सिअस.

ओट्स कुठले आणि कसे दळायचे

मसाला ओट्सचं पाकीट यासाठी नाही, हे सांगायला नको. इन्स्टंट ओट्स चालतात, पण ते दूध पटकन पितात आणि पोत पिठूळ होतो. स्टील कट ओट्स (दाण्यांचे जाड तुकडे) या वेळात शिजतच नाहीत. रोल्ड घ्या.

चाळीस ग्रॅम ओट्स मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घातले तर ते पात्याला लागतच नाहीत, नुसते भिंतींवर उडतात. चटणीचं छोटं भांडं घ्या, पण ज्यात लसणाची चटणी होते ते नको. ओट्स तो वास पकडतात आणि दालचिनीलाही तो झाकता येत नाही. पाव किलो एकदम दळून हवाबंद डब्यात ठेवणं सोयीचं. मात्र मुंबईच्या हवेत दळलेले ओट्स लवकर खवट होतात. वास घेऊनच वापरा.

दूध, अंडं घालून मिक्सर बराच वेळ फिरवत बसू नका. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. ओलं करून फार घुसळलं की तो चिकट होतो आणि भाजल्यावर रबरासारखा पोत येतो. कोरडे ओट्स दळा, बाकीचं चमच्याने ढवळा. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं दाट असावं.

मसाला: इथेच नाताळ जमतो किंवा फसतो

जिंजरब्रेड म्हणजे मुख्यतः आलं, दालचिनी, लवंग, जायफळ आणि काकवीसारखा गडद गोडवा. हे सगळं लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत किंवा क्रॉफर्ड मार्केटात सुटं मिळतं, त्यासाठी परदेशी बाटली नको. चूक होते ती प्रमाणात. एका वाटीला दालचिनीची पूड पाव टीस्पून, सुंठ त्याच्या निम्मी, जायफळ किसणीवर दोन-तीनदा घासून पडेल तेवढंच आणि लवंगेची पूड चिमटीच्या टोकाला लागेल इतकी. लवंग वाढली की तोंडात दातदुखीच्या औषधाची आठवण येते. आपल्याकडे दालचिनी म्हणून बहुधा कॅशिया मिळते. ती जाड सालीची आणि चवीला तिखट असते, म्हणून तीही जपूनच.

गरम मसाला घालू नका. त्यात धणे-जिरे असतात. आळस असेल तर घरचा चहाचा मसाला मात्र चालतो. सुंठ, दालचिनी, लवंग, वेलची त्यात असतेच. मिरी जास्त असेल तर चिमूटभरावर थांबा. नाताळाची अस्सल चव म्हणणारे नाक मुरडतील, पण सकाळी सातला हे मला पटतं.

रंगासाठी काही जण कोको घालतात. त्याने चव चॉकलेटची होते आणि मसाला मागे पडतो. आपल्याकडच्या प्लम केकचा तपकिरी रंग बहुधा जाळलेल्या साखरेचा असतो, पण एका वाटीसाठी कॅरॅमल करत बसण्यात अर्थ नाही. गडद रंगाचा गूळ किंवा चमचाभर काकवी पुरते. गूळ उकळत्या दुधात टाकू नका, दूध फाटू शकतं. तो अंड्यात फेटून घ्या.

संत्र्याची साल घालणार असाल तर नाताळाच्या सुमारास बाजारात नागपुरी संत्री असतातच. त्यांची साल सैल असते, सोलल्यावर किसता येत नाही. अख्खं फळ धुवून आधी वरवर किसा आणि मग सोला. आतला पांढरा थर आला की कडू लागतं.

मनुका, बेदाणे कोरडे घातले तर ते मिश्रणातलं दूध ओढून घेतात आणि वर आलेले जळतात. रात्री संत्र्याच्या रसात किंवा कोऱ्या चहात भिजवा, निथळून घाला. रसासकट ओतलं तर सगळं पातळ होतं. रममध्ये भिजवायचे असतील तर एवढंच लक्षात घ्या, की वीस मिनिटांत सगळं अल्कोहोल उडून जात नाही, आणि पुढे ऑफिस आहे. टुटीफ्रुटी तर साखरेत मुरवलेली कच्ची पपईच असते. ती घालणार असाल तर गूळ निम्मा करा.

सोडा की पावडर

खाण्याचा सोडा बेकिंग पावडरपेक्षा तीन-चार पट जोरकस असतो. पावडर संपली म्हणून अर्धा टीस्पून सोडा घातला तर वाटीला साबणाची चव येते. ओट्स फुगलेच नाहीत तर पावडर तपासा: थोडी गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर ठीक. पावसाळाभर डबा नीट बंद नसेल तर ती बहुधा मेलेली निघते.

रात्रीच मिश्रण करून फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर पावडर सकाळी घाला. ओट्स रात्रभरात दूध पितात, म्हणून सकाळी आणखी एक-दोन टेबलस्पून दूध लागेल.

भांडं आणि ओव्हन

३०० मिलीचं, पसरट, ओव्हनमध्ये चालणारं सिरॅमिकचं भांडं उत्तम. पाऊण भागापेक्षा जास्त भरू नका. उंच मगात कडा भाजतात, मध्य कच्चा राहतो. स्टीलची वाटी ओटीजीत चालते, पण तळ लवकर लागतो, म्हणून जाळी मधल्या खाचेत ठेवा. मायक्रोवेव्ह मोडवर स्टील नको, सोनेरी कड असलेला कपही नको. कटिंग चहाचा साधा ग्लास ओव्हनमध्ये तडकतो.

ओटीजी दहा मिनिटं आधी, वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून तापवा. एअर फ्रायरमध्ये १६० अंश आणि १५ मिनिटांपासून सुरुवात करा. त्याच्या पंख्याने वरचा थर लवकर वाळतो, म्हणून पहिली दहा मिनिटं फॉइल घट्ट लावून ठेवा. मायक्रोवेव्हवर दीड-दोन मिनिटांत होतं, पण त्याला भाजल्याची चव नसते. माझ्या मते तो वेगळाच पदार्थ.

वर करपलं आणि आत कच्चं राहिलं तर पुढच्या वेळी तापमान २० अंशांनी कमी करा आणि वेळ पाच मिनिटं वाढवा. सुरी घातली की तिला ओलं पीठ लागू नये, थोडा ओलसर चुरा चालेल. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबा, तेवढ्यात मध्य बसतो. लगेच चमचा घालणाऱ्याला तो कच्चाच वाटतो, आणि गरम गुळाने जीभही पोळते.

अंडं नको असेल तर

ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे बांधून ठेवण्याचं काम अंडं करतं. ते नुसतं वगळलं की सगळं भुगा होतं. एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला आणि दूध थोडं कमी करा. फुगणार कमी, पण कापता येईल. अंडं घालूनही त्याचा वास येतो अशी तक्रार असेल, तर बहुधा ते नीट फेटलेलं नसतं किंवा ओट्स फार वेळ भाजलेले असतात. संत्र्याची साल इथे कामाला येते.

डब्यात न्यायचं असेल तर गरम असताना झाकण लावू नका. वाफेचं पाणी होऊन वरचा कुरकुरीत थर जातो. गार करून भरा. ऑफिसात मायक्रोवेव्ह असेल तर काचेच्या डब्यात न्या, चमचाभर दूध वरून घाला आणि अर्धा मिनिट गरम करा.