छोट्या जागेत बँड ऐकताना कुठे उभे राहावे

शे-दोनशे माणसे मावतील अशा जागेत बँड ऐकायला गेल्यावर मंचाला चिकटून उभे राहण्याचा मोह होतो. परंतु तिथे ड्रम आणि गिटारचे ॲम्प्लिफायर थेट कानावर आदळतात, तर गायकाचा आवाज ज्या मुख्य स्पीकरमधून येतो ते दोन्ही बाजूंना असल्यामुळे शब्द नेमके तिथेच हरवतात. त्यापेक्षा साउंड इंजिनिअरच्या मिक्सरच्या किंचित पुढे जागा धरावी, कारण तो सगळा मेळ त्याच ठिकाणी आपल्या कानाने जुळवत असतो. मागच्या भिंतीला टेकू नये. तिथे बेसचा घुमारा साचतो, आणि कोपऱ्यात तर विचारूच नये.

इअरप्लग मात्र जवळ असावेतच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, आणि छोट्या खोलीत तेवढा आवाज सहज होतो. कापसाचे बोळे फारसे उपयोगी नाहीत. फोमचे इअरप्लग बोटांत वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावेत. संगीतासाठीचे फिल्टर असलेले इअरप्लग थोडे महाग पडतात, पण त्यांत गाणे दबके वाटत नाही.