परदेशी गेलेल्या नर्समागे तिजोरीचं किती जातं, ते कसं मोजायचं

अर्थसंकल्पाच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी हा हिशेब शिकवते, तो एकाच माणसावरून. तिशीची नर्स घ्या, नोकरीची ३० वर्षं शिल्लक असलेली.

कागदावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे बुडणारा कर. पगार धरायचा तो ती इथेच राहिली असती तर मिळाला असता तो, तिकडचा नव्हे. समजा वर्षाला १००. त्यावर आयकर १२. शिवाय ती ७० खर्च करणार, त्यावर १० टक्क्यांनी अप्रत्यक्ष कर ७. हा हमखास विसरला जातो. झाले १९.

उजवीकडे तिच्यावरचा वाचलेला खर्च. इथे हात आखडता ठेवा. ती गेली म्हणून संरक्षणाचा खर्च घटत नाही, जुन्या कर्जाचं व्याजही नाही. दवाखाना, मुलांची शाळा, अशा गोष्टी तेवढ्या धरा. समजा ११. तूट ८. निकाल सगळ्यात जास्त हलतो तो याच रकान्यामुळे. अमेरिकेतल्या भारतीयांबद्दल देसाई, कपूर आणि मॅकहेल या संशोधकांनी २००१ सालासाठी असा हिशेब केला, तेव्हा भारताचा निव्वळ तोटा जीडीपीच्या ०.२४ ते ०.५८ टक्के निघाला. वाचलेला खर्च कसा मोजला, त्यावर एवढा फरक.

ती घरी २० पाठवते, पण ते २० तिजोरीत येत नाहीत. घरच्यांनी त्यातले १५ खर्चले, तर कर दीड. तूट साडेसहा. ३० वर्षांचा नुसता गुणाकार १९५ होतो. पण पुढच्या वर्षांतल्या पैशांचं मोल आजच्यापेक्षा कमी, म्हणून ५ टक्के दराने आजच्या किमतीत आणला की जेमतेम १००.

आता तिच्या शिक्षणावर सरकारने घातलेले ६०. ते यात मिळवू नका. माझ्या पहिल्या टिपणात मी मिळवले होते आणि १६० हा आकडा वरपर्यंत गेला. ते मला अजून खुपतं. ती राहिली असती तरी ते पैसे खर्च झालेलेच होते. त्यांची परतफेड म्हणजे तिचा पुढचा कर, आणि तो डावीकडे आधीच धरलाय. ६० चा आकडा लागतो तो सरकारी पैशातून नर्सिंगच्या किती जागा चालवायच्या, हे ठरवताना.

मग प्रत्येक रकमेपुढे तिजोरीचं नाव लिहा. शिकवण्याचा खर्च राज्याचा आणि आयकर केंद्राचा असेल, तर दोघांच्या कागदावर उत्तर वेगळं येईल.