लिनक्सच्या परीक्षेसाठी कमांड किती पाठ करायच्या?

सगळे ऑप्शन घोकत बसू नका, आधी परीक्षेचा प्रकार बघा.

आरएचसीएसए या रेड हॅटच्या परीक्षेत चालू सिस्टीमवर काम करून दाखवायचं असतं. इंटरनेट नाही, पण मॅन पेज, म्हणजे कमांडची माहिती देणारी सिस्टीममधलीच पानं, उघडता येतात. म्हणून शोधायचा सराव करा: ‘मॅन -के’पुढे शब्द देऊन कमांड हुडका, पान उघडलं की शिफ्ट-जी दाबून तळाशी जा. उदाहरणं बहुतेकदा तिथेच असतात. काहीच सापडलं नाही तर रूट (म्हणजे सर्वाधिकार असलेला यूजर) होऊन ‘मॅनडीबी’ चालवा, त्याने या पानांची सूची नव्याने बनते.

एलपीआयसी-१ या लिनक्सच्याच दुसऱ्या परीक्षेत पर्याय निवडायचे, शिवाय रिकाम्या जागाही भरायच्या. तिथे टार, फाइंड या कमांडचे नेहमीचे ऑप्शन आणि ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या फाइलींचे पूर्ण पाथ तोंडपाठच हवेत. ते रोज टाइप करूनच डोक्यात बसतात.

अक्षर लहान की मोठं, हे मात्र जपा. फाइलींच्या परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉडला मोठा आर दिला तर बदल आतल्या सगळ्या फाइलींना लागू होतो. लहान दिला तर वाचायची परवानगीच जाते.