मानेतल्या धमनीच्या दोन रेघा

मानेतल्या धमनीची भिंत किती जाड झाली ते पाहायच्या सोनोग्राफीसाठी मधुमेही पेशंट पलंगावर आडवा झाला की मी आधी त्याच्या डोक्याखालची उशी काढते. हनुवटी जराशी वर, मान दुसऱ्या बाजूला साधारण 45 अंश. जास्त वळवली तर स्नायू ताणतो आणि प्रोब, म्हणजे मानेवर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा, बसत नाही. लिनिअर म्हणजे सरळ तोंडाचा प्रोब, 7 मेगाहर्ट्झच्या वरचा. चित्रात कातडीखाली 4 सेंटिमीटर खोलपर्यंत दिसू द्यायचं. जेल भरपूर, हात हलका.

सुरुवात आडव्या छेदाने. गळ्याच्या हाडापासून जबड्यापर्यंत सावकाश वर जा. इथे घाई करणाऱ्याला मी रागावते, कारण प्लाक (भिंतीवर साठलेला चरबीचा थर) बऱ्याचदा एकाच बाजूला चिकटलेला असतो आणि उभ्या छेदात तो हमखास निसटतो. धमनीला दोन फांद्या फुटतात तिथे तर थांबूनच पाहा.

मग प्रोब उभा करा. फांद्यांजवळ धमनी फुगते, त्या फुगवट्याखालचा 1 सेंटिमीटर, आणि भिंत प्रोबपासून लांबची. तिथे दोन समांतर रेघा दिसतील, मध्ये काळी फट. पहिल्या रेघेच्या वरच्या कडेपासून दुसरीच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. आतल्या दोन थरांची जाडी ती हीच. इटलीत पाओलो पिग्नोली आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये प्रत्यक्ष धमनीशी ताडून हे दाखवलं. रेघा पुसट असतील तर प्रोबचा कोन बदला, गेन (चित्राची उजळता) वाढवू नका. नवी असताना मी गेन वाढवूनच ठेवायचे. रेघा जाडजूड, आणि पेशंट सगळे ‘जाड भिंतीचे’!

चित्र फ्रीज करायचं ते ईसीजीच्या आर लाटेवर, म्हणजे हृदय आकुंचन पावण्याच्या जरा आधीच्या उंच टोकावर. हृदय आकुंचन पावलं की धमनी ताणते, भिंत पातळ दिसते. दोन्ही बाजूंना तीन-तीन मापं घेऊन सरासरी काढा.

0.9 मिलिमीटरच्या वर गेलं की लोक घाबरतात. पण वयानुसार ही जाडी वाढतेच, शिवाय वर्षभरातला 0.05चा फरक मापाच्या चुकीतही बसतो. 2013 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी तर ही जाडी सरसकट मोजायची शिफारसच केली नाही. मला प्लाक जास्त महत्त्वाचा वाटतो: भिंतीचा 1.5 मिलिमीटरहून जाड, किंवा शेजारच्या भागापेक्षा निम्म्याने जास्त आत आलेला उंचवटा. रक्तप्रवाह अजून अडलेला नसतो, पेशंटला काहीच जाणवत नसतं, तरी तो दिसतो.

रिपोर्टमध्ये डावं-उजवं वेगळं लिहा. प्लाक कुठे, किती जाड, काळपट की चुना साठून मागे सावली पाडणारा, हेही. नुसतं ‘जाडी वाढलेली’ लिहून आणलेला रिपोर्ट मी परत पाठवते.