निविदा काढण्याआधी : भांडार शाखेची तयारी

यंदा आपल्या सरकारी कार्यालयासाठी यूपीएस, प्रिंटर असे काही घ्यायचे असेल, तर फाइल दिवाळीआधी हलली पाहिजे. फेब्रुवारीत निधी येतो, ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे न खर्चलेला परत जातो, आणि मधल्या घाईत निघते ती निविदा म्हणजे गेल्या वर्षीचीच, तारखा बदललेली. पुण्यात पुरवठादारांची टंचाई नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांपासून तपकीर गल्लीतल्या दुकानांपर्यंत सगळे आहेत. तरी आपल्या निविदेला तेच तीन जण येतात, आणि त्याची कारणे बहुतेक आपल्याच कागदांत सापडतात. म्हणून ही यादी आपल्या टेबलाची आहे, पुरवठादाराच्या नाही.

आधी मागणी. जडवस्तू संग्रह नोंदवही (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंची वही) घेऊन शाखाशाखांत फिरा. वहीतले किती चालू, किती दुरुस्तीजोगे, किती निर्लेखनाच्या (वहीतून कमी करण्याच्या) रांगेत, हे पाहून मगच आकडा ठरवा आणि मागणीवर वापरणाऱ्या शाखेची सही घ्या. खरेदीच्या रकमेच्या मर्यादेत बसावे म्हणून एकाच मागणीचे तुकडे पाडू नका. लेखापरीक्षक पहिल्यांदा तेच शोधतो.

मग मार्ग ठरवा. केंद्राच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू आहेत आणि जेम या केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर उपलब्ध असलेली वस्तू जेमवरूनच घ्यावी लागते. राज्याच्या कार्यालयांसाठी १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहे. पण रकमांच्या मर्यादा नंतरच्या शासन निर्णयांनी बदलत असतात. शेजारच्या टेबलावर विचारून काम भागवू नका, ताजा निर्णय छापून फाइलला लावा.

सर्वांत जास्त वेळ विनिर्देशांना, म्हणजे वस्तू नेमकी कशी हवी त्या तपशिलांना, द्या. ‘३ केव्हीए यूपीएस, ३० मिनिटे बॅकअप’ असे लिहिले की आपले काम झाले असे वाटते. किती भारावर, म्हणजे किती यंत्रे जोडलेली असताना, ३० मिनिटे? ते लिहिले नाही तर एक जण पूर्ण भार धरून मोठ्या बॅटऱ्यांचा दर देतो, दुसरा पाव भार धरून छोट्या बॅटऱ्यांचा. न्यूनतम दर अर्थातच दुसऱ्याचा, आणि पहिल्याला पुढच्या वेळी यायचे काही कारण उरत नाही. म्हणून भार लिहा, बॅटऱ्यांची किमान एकूण क्षमता व्हीएएचमध्ये (व्होल्ट गुणिले अँपिअर-तास) लिहा, हमी यंत्राची किती वर्षे आणि बॅटरीची किती हे वेगवेगळे लिहा. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचा दर त्याच निविदेत मागा, नाहीतर त्या जिन्याखाली वर्षानुवर्षे पडून राहतात. एकाच कंपनीचे माहितीपत्रक समोर ठेवून विनिर्देश उतरवू नका. वाचणाऱ्याला ते दुसऱ्या ओळीत कळते.

प्रिंटरचे गणित वेगळे. समजा एक १४ हजारांना मिळतो आणि टोनरपोटी पान अडीच रुपयांना पडते; दुसरा २२ हजारांना, पण पान ६० पैशांत. महिन्याला दोन हजार पाने निघत असतील तर फरक ३,८०० रुपयांचा, म्हणजे महागडा प्रिंटर सव्वादोन महिन्यांत स्वस्त ठरतो. पण ही तुलना निविदेत आधी लिहिलेली असेल तरच करता येते. लिफाफे उघडल्यावर सुचलेले शहाणपण चालत नाही. यंत्र अधिक तीन वर्षांचा टोनर असे सूत्र द्या, आणि टोनरची पाने आयएसओ १९७५२ या मानकाप्रमाणे मोजलेली मागा.

पात्रतेच्या अटी जुन्या फाइलमधून उचलू नका. आठ लाखांच्या खरेदीला दोन कोटींची उलाढाल कशाला हवी, याचे उत्तर टिपणीत लिहिता आले तरच ती अट ठेवा. मसुदा तयार झाला की निविदापूर्व बैठक घ्या, सर्वांना एकत्र बोलवा, इतिवृत्त लिहा, बदल झाला तर शुद्धिपत्रक काढा. पुरवठादाराशी बोलणे म्हणजे संशयाला जागा, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. माझ्या मते संशय बंद दाराआडच्या बोलण्याचा घ्यावा.

आता देयक. पैसे कधी मिळतील याची खात्री नसली की पुरवठादार तो विलंब दरात धरतोच, आणि ज्याला तेवढे थांबणे परवडत नाही तो येतच नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. म्हणजे तपासणी समितीची नावे पुरवठा आदेशाआधीच ठरवून ठेवायला हवीत, आणि अध्यक्ष रजेवर असतील तर कोण, हेही.

बिले अडकण्याचे आणखी एक कारण आपली इमारत. यूपीएस येऊन पडतो, पण अर्थिंग झालेले नसते, वायरिंगचे काम दुसऱ्या विभागाकडे असते. मग बसवल्याचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून देयक नाही. खोली तयार असल्याचा शेरा फाइलवर असल्याशिवाय पुरवठा आदेश काढू नका. उशीर आपल्यामुळे झाला तर विलंब दंड लागणार नाही, हे करारात स्पष्ट लिहा. हमीच्या काळातल्या तक्रारींसाठी एका माणसाचे नाव आणि एक वही ठेवा. दुरुस्ती किती दिवसांत झाली हे त्यात नसेल तर सुरक्षा अनामत परत करताना बोलायला आधार राहत नाही.

शेवटी पोर्टल. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर निविदा उघडणारे अधिकारी आधीच नेमावे लागतात. दोघांवर विसंबू नका, पर्यायी नावेही टाका, कारण मधे बदली झाली की निविदा तशीच बंद राहते. प्रसिद्धीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाचे डिजिटल सहीचे टोकन लॅपटॉपला लावून त्याची मुदत उघडण्याच्या तारखेच्या पुढे आहे ना, ते पाहून घ्या.