किल्ली काढताच सेटिंग पुसणारा नेव्हिगेशन संच: माझा अनुभव

पुण्यातल्या एका दुकानातून गाडीत नेव्हिगेशन आणि ऑडिओचा स्क्रीन बसवून घेतला, तेव्हा आवाज उत्तम येत होता. मात्र किल्ली काढली की घड्याळ, रेडिओची साठवलेली केंद्रे आणि जोडलेला फोन हे सारे पुसले जात असे.

अशा संचाला १२ व्होल्टच्या दोन वेगळ्या तारा लागतात: पिवळीला बॅटरीचा पुरवठा कायम मिळतो आणि तिच्यावरच सेटिंग टिकतात, तर लाल तारेत किल्ली फिरवल्यावर वीज येऊन संच सुरू होतो. मल्टिमीटरची (व्होल्ट मोजणाऱ्या उपकरणाची) काळी पिन बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला लावून मी गाडीकडील कनेक्टर तपासला, तेव्हा किल्ली काढताच पिवळीच्या जागी शून्य दिसले आणि लालच्या जागी मात्र १२ व्होल्ट तसेच राहिले. काही गाड्यांच्या मूळ वायरिंगमध्येच या दोन जागा उलट असतात, म्हणून केवळ रंगावर विसंबून जोडणी कधीही करू नये, असे माझे ठाम मत आहे. बॅटरीचे ऋण टोक सोडवून दोन्ही तारांची अदलाबदल केली आणि तक्रार मिटली.

नवले पुलाजवळ नकाशावरचा बाण महामार्गावरून सर्व्हिस रोडवर जाई, कारण जीपीएसचा अँटेना डॅशबोर्डच्या आत लोखंडी पट्टीखाली दडला होता. उपग्रहांचे क्षीण संकेत धातूतून पोहोचत नाहीत. तो पुढच्या काचेलगत, वरची बाजू आकाशाकडे ठेवून चिकटवला. उरलेली तार स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर बांधावी.